पार्क मैदान आणि आमची खतावणी

जानेवारी २०२४ मधील गोष्ट. सोलापूरच्या पार्क मैदानावर, म्हणजे आताच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर असा रणजी करंडकाचा सामना होता. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर आमच्या गावाला रणजी सामना मिळाला होता. आम्ही कचेरीत किरकोळ रजेचा अर्ज टाकला, धाकट्या मुलीला शाळेला एक दिवस दांडी मारायची परवानगी दिली आणि घरून कडक भाकरी व शेंगाचटणीचा डबा घेऊन निघालो. ‘बापलेकीचं वेड आहे हे!’ असा घरचा आहेरही सोबत होताच.

बुधवार पेठेतून पार्क चौक काही लांब नाही. सकाळच्या थंडीत पायीच गेलो. सोलापुरात जानेवारी म्हणजे गड्ड्याचे दिवस. सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी होम मैदानाकडे पाळणे उभे राहू लागतात, आणि बाहेरगावचे दुकानदार जागा धरतात. एका अंगाला भुईकोट किल्ला, जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा हे चार सोलापूरकर तिथे उभे आहेत. पार्क चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. त्याला वंदन करून आम्ही मैदानात शिरलो.

मैदानात पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू पाहिले आणि मुलगी म्हणाली, “बाबा, टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा हे किती शांतपणे खेळतात!” रणजीचा खेळ असाच असतो. ढोल नाही, नाच नाही. पायरीवर बसावे, भाकरी मोडावी आणि दिवसभर धावा मोजाव्यात. आम्ही पिशवीतून लाल कापडी बांधणीची जुनी वही काढली. तिची हकीकत वाचकांना सांगावी, म्हणूनच हा लेखप्रपंच.

खतावणीची हकीकत

१९९२-९३ च्या हंगामात महाराष्ट्राचा संघ रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि लुधियानाला पंजाबकडून हरला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडील गिरणी कामगार. घरात वर्तमानपत्र येत नसे. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात दिवसभर फिरून चुरगळलेले वर्तमानपत्र रात्री आम्हाला मिळायचे. त्यातला धावफलक कापायचा आणि कणकेच्या खळीने वहीत चिकटवायचा, हा आमचा उद्योग. वडिलांनी त्यासाठी नवी पेठेतून हिशेबाची जाड वही आणून दिली. पुढे आम्ही बी. कॉम. झालो, कारकून झालो. पण खतावणी लिहायला आम्ही त्या वहीतच शिकलो असे म्हणायला हरकत नाही.

त्याआधीही संग्रह होताच. १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. वस्तीतल्या पोरांचा तो चलनी पैसाच होता. दोन गावसकर दिले तर एक कपिल मिळे. पुढे संदीप पाटील यांच्या संपादनाखालील ‘एकच षटकार’चे जुने अंक रद्दीच्या भावाने घेतले. एका पत्र्याच्या पेटीत हा सारा ऐवज होता.

आज सांगायला लाज वाटते, पण ती पेटी आम्हीच विकली. वडिलांची गिरणी बंद पडलेली होती, कॉलेजच्या परीक्षेची फी भरायची होती. रद्दीवाल्याने अंक किलोवर घेतले आणि चित्रे त्यातच फुकट गेली. वही तेवढी राहिली. त्याचे कारणही ऐका. वहीच्या मागच्या पानांवर आईने वाण्याच्या उधारीचा हिशेब लिहिला होता. उधारी फिटली नव्हती, म्हणून वही विकता आली नाही! गरिबाच्या घरात इतिहास असाच कशाच्या तरी आडून टिकतो.

महाराष्ट्राचा संघ

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही लहानपणी ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘महाराष्ट्र – विजेता १९३९-४०, १९४०-४१.’ रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने तो लागोपाठ दोनदा जिंकला. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते कर्णधार म्हणून मैदानात उतरत होते, आणि १९९३ साली वारले तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडलेली होती. १९३९-४० च्याच हंगामात विजय हजारे यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतले ते पहिले त्रिशतक.

त्यानंतरचे पान भाऊसाहेब निंबाळकरांचे. मूळचे कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ धावांवर होते. सर डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम दहाच धावांत मोडणार होता. उपाहाराच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि आपला संघ घेऊन तो निघून गेला. निंबाळकरांच्या नावावर कसोटी सामना एकही नाही. आम्ही लहानपणी या पानावर लाल पेनने ‘अन्याय’ असा शब्द लिहून ठेवला आहे.

विजेतेपद मात्र पुन्हा लाभले नाही. १९७०-७१ साली अंतिम सामन्यात मुंबईने हरवले, १९९२-९३ ला पंजाबने आणि २०१३-१४ ला हैदराबादेत कर्नाटकाने. त्या शेवटच्या हंगामात केदार जाधवने १,२२३ धावा काढल्या होत्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऋतुराज गायकवाडने अहमदाबादला उत्तर प्रदेशविरुद्ध एकाच षटकात सात षटकार मारले. त्यात एक चेंडू नो-बॉल होता. एवढे विक्रम असूनही करंडक नाही. अशा संघामागे राहणाऱ्याला धीर धरण्याचे शिक्षण आपोआप मिळते.

सोलापूरचे म्हणून वहीत एक वेगळे पान आहे. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरातच झाला. ते रणजी खेळले मुंबई आणि गुजरातकडून, पण जन्मगाव आमचे. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात उम्रीगरांच्या नाबाद १३० धावा होत्या. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. भारतीयाने कसोटीत केलेले ते पहिले द्विशतक. ५९ कसोटी, ३,६३१ धावा, १२ शतके. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पार्कच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा आमच्याच गावचा अर्शिन कुलकर्णी १९ वर्षांखालील भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेत होता. त्याच महिन्यात त्याने ब्लूमफाँटेनला अमेरिकेविरुद्ध १०८ धावा केल्या. मुलीने त्याचे कात्रण उम्रीगरांच्या पानासमोर चिकटवले आहे.

गुरुजींचा प्रश्न

ही वही आम्ही काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका निवृत्त शिक्षकांना कौतुकाने दाखवली. गुरुजींनी चष्मा पुसून पाने उलटली आणि विचारले, “अरे बाळा, यात बाळू कुठे आहे?”

आम्ही म्हणालो, “गुरुजी, बाळू पालवणकर रणजी सुरू होण्याआधीचे. ते महाराष्ट्राकडून खेळलेच नाहीत.”

“मग ह्या पहिल्या पानाच्या आधीचं पान कुठे आहे?” गुरुजी म्हणाले. “देवधर ज्या संघात खेळून मोठे झाले, त्या संघाला आधी जिंकायला शिकवलं कोणी?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी गुरुजींनी जे सांगितले आणि पुढे आम्ही वाचून पडताळले, ते थोडक्यात असे.

बाळू पालवणकर चांभार समाजातले. पुण्यात क्लबच्या मैदानावर रोलर फिरवणे, जाळी लावणे, खेळपट्टी राखणे हे त्यांचे काम. पगार महिना चार रुपये. साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करता करता ते डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज सकाळी सर्वांच्या आधी येई आणि तासन् तास बाळूंच्या चेंडूवर सराव करी. साहेबाला एकदा बाद केले की आठ आणे मिळत, अशी गोष्ट सांगतात. फलंदाजीची संधी मात्र बाळूंना त्या क्लबात मिळाली नाही.

पुढे हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवण्यासाठी बाळू हवेसे झाले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी मात्र सवर्ण खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा घेत, आणि बाळूंना मंडपाबाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे ताटही वेगळे. पुढे विजय मिळत गेले तसे हे थोडे सैल झाले.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे भाऊ शिवरामही होते. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेताची झाली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. १९२० साली कर्णधार आजारी पडला तेव्हा बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या देवधरांना कर्णधार नेमले. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निषेध करून खेळण्यास नकार दिला. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, हिंदू संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते १९४८ साली निघाले. ते लिहिले म्हणूनच आज यातले बरेच आपल्याला ठाऊक आहे.

बाळूंचे राजकारण आपल्या चळवळीच्या विरुद्ध बाजूचे होते, हेही लपवायचे कारण नाही. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते आणि त्या करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. मत एका ठिकाणी आणि खेळाचा मान दुसऱ्या ठिकाणी. हिशेब लिहिणाऱ्याने दोन्ही रकाने वेगळे ठेवले पाहिजेत.

खेळाचा रकाना चळवळीनेही रिकामा ठेवला नव्हता. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये आमच्या सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि महार हॉकी क्लबही काढला. तरुणांनी जुगार-दारूच्या वाटेला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. वसतिगृह, वाचनालय आणि हॉकीची काठी या तिन्ही गोष्टी एकाच यादीत होत्या, हे आजच्या पालकांनी लक्षात घ्यावे.

अमेरिकेतला हिशेब

जपून ठेवलेल्या कागदाचे मोल काय असते, ते अमेरिकेतल्या बेसबॉलकडे पाहून कळते. हा बॅट-चेंडूचाच खेळ. तिथे खेळाडूंच्या चित्रांचे पत्ते जमवण्याचे मोठे वेड आहे. १९०९ ते १९११ च्या दरम्यान सिगारेटच्या पाकिटातून निघालेला होनस वॅग्नर या खेळाडूचा एक पत्ता २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरला विकला गेला. आमचे बिग फनचे कपिल आणि गावसकर आठवून आम्ही सुस्कारा टाकला!

पण खरी गोष्ट पैशाची नाही. त्या खेळात गोऱ्यांच्या मुख्य स्पर्धेत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. म्हणून ते आपल्या वेगळ्या स्पर्धा भरवीत. त्यांना निग्रो लीग म्हणत. १५ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे आपल्या भीमजयंतीच्या दुसऱ्याच तारखेला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ती भिंत पडली. त्याचा ४२ हा क्रमांक १९९७ साली सर्व संघांनी निवृत्त केला. आता दरवर्षी १५ एप्रिलला सगळेच खेळाडू पाठीवर ४२ घालून खेळतात.

मग भिंत पडण्याआधी जे खेळले त्यांचे काय? जॉश गिब्सन नावाचा जबरदस्त फलंदाज रॉबिन्सनच्या त्या दिवसाआधी तीनच महिने वारला होता. त्याच्या धावांची नोंद अधिकृत दप्तरात नव्हती. अभ्यासकांनी वर्षानुवर्षे जुनी वर्तमानपत्रे धुंडाळली. त्यात कृष्णवर्णीय समाजाची स्वतःची साप्ताहिके होती. त्यांतले धावफलक एकेक करून जुळवले. अखेर मे २०२४ मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या २,३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले गेले. त्या दिवशी फलंदाजीच्या सरासरीत कारकिर्दीचा सर्वोच्च मान गिब्सनच्या नावावर लागला. मृत्यूनंतर ७७ वर्षांनी त्याची उधारी वसूल झाली. का? तर कोणीतरी छापले होते आणि कोणीतरी जपले होते.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमची विकलेली पेटी पुन्हा आठवली.

मिऱ्याची पोर आणि फेकायचा कप

आमच्या मुलीने वहीत एक नवे पान सुरू केले आहे. ते आहे किरण नवगिरेचे. सोलापूर जिल्ह्यातील मिरे हे तिचे गाव. आधी ती भालाफेक करायची. २०२२ साली महाराष्ट्र सोडून नागालँडकडून खेळताना तिने अरुणाचलविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यात १६२ धावा केल्या. त्याच वर्षी पुण्याच्या सामन्यात तिच्या बॅटवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. तिने स्वतःच्या हाताने धोनीचे नाव आणि सात आकडा त्यावर लिहिला होता. तो फोटो साऱ्या देशात गाजला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पुन्हा महाराष्ट्राकडून खेळत होती आणि नागपूरला पंजाबविरुद्ध तिने ३४ चेंडूंत शतक ठोकले. महिलांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमधला हा जागतिक विक्रम. आमची मुलगी म्हणते, “बाबा, ती बॅट कुठे ठेवली असेल हो?” तिला आता योग्य प्रश्न पडू लागले आहेत.

तर पुन्हा पार्कवर येऊ. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत आम्ही बाहेर टपरीवर गेलो. कागदी कपातून दोघांनी चहा घेतला. मुलीने आपला कप फेकला नाही. नळावर धुतला, झटकला आणि पिशवीत ठेवला. आम्ही रागावलो : “उष्टा कप कशाला घरी नेतेस?” ती म्हणाली, “पहिल्या रणजी सामन्याची आठवण म्हणून.”

आम्ही गप्प झालो. मग पायरीवर बसून तिला बाळूंच्या चहाची गोष्ट सांगितली. ते मातीचे भांडे फेकले गेले. ते आज असते तर कुठल्याही करंडकाशेजारी ठेवण्याच्या योग्यतेचे होते. ज्यांच्या घरात काचेची कपाटे होती त्यांच्या टोप्या, बॅटी, मानपत्रे टिकली. ज्याला भांडेच फेकायचे दिले, त्याने काय जपावे? त्या दिवशी मात्र टपरीवर साऱ्यांचे कप सारखेच होते, आणि फेकायचा की ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. एवढे अंतर कापायला किती पिढ्या गेल्या, हे मुलीला कळावे एवढीच आमची इच्छा होती.

वाचकहो, आपल्या वस्त्यांत जयंतीच्या निमित्ताने कबड्डीचे, क्रिकेटचे सामने होतात. त्यांची पत्रके, ढाली, फोटो दोन वर्षांत कुठे जातात, ते आपण सारे जाणतो. आमची विनंती साधी आहे. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. धावफलकाची एक प्रत वहीत डकवा. वहीत कडुनिंबाची वाळकी पाने ठेवा, म्हणजे कसर लागत नाही. आणि अडचण आली तर दुसरे काही विका, वही विकू नका. आज तुम्हाला ती रद्दी वाटेल; उद्या कोणी तरी हिशेब जुळवायला बसेल तेव्हा तीच पावती ठरेल.

घरी आल्यावर मुलीने खतावणीच्या पहिल्या पानाआधी एक कोरा कागद शिवला. त्यावर लिहिले : ‘बाळू, शिवराम, विठ्ठल, गणपत – पालवणकर बंधू.’ कागदी कप आमच्या कपाटात आहे. त्याच्या तळाशी तिने तारीख आणि ‘पार्क मैदान, सोलापूर’ असे लिहून ठेवले आहे. घरच्यांनी दोनदा तो कचऱ्यात टाकू पाहिला. आम्ही दोन्ही वेळा परत आणून ठेवला.